गरजूंच्या छोट्या कर्जांत आपले पैसे गुंतवावेत का, आणि त्यावर किती परतावा मागावा?

धागालेखिका (निवृत्त शिक्षिका, पुणे)

पुढील महिन्यात माझी एक मुदत ठेव पूर्ण होत आहे. त्यातील दोन लाख रुपये पुन्हा तशाच ठेवीत न ठेवता लहान व्यावसायिकांना दिल्या जाणाऱ्या सूक्ष्म कर्जांत गुंतवावेत, असे माझ्या मनात आहे. ज्यांचा महिन्याचा खर्च निवृत्तिवेतनावर भागतो, अशा इतरांनीही हा विचार करावा, असे मला वाटते.

भाजी विकणाऱ्या एखाद्या बाईंना हातगाडी आणि वजनकाटा घेण्यासाठी ४०,००० रुपये हवे आहेत, असे धरू. खासगी सावकार शेकडा पाच रुपये महिना लावतो, म्हणजे दरमहा २,००० रुपये केवळ व्याजाचे जातात आणि मुद्दल जागचे हलत नाही. हीच रक्कम सूक्ष्म वित्त कंपनीकडून घटत्या शिलकीवर वार्षिक २४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतली, तर मासिक हप्ता सुमारे २,११५ रुपये बसतो आणि चोविसाव्या हप्त्याला कर्ज फिटते. २४ टक्के ऐकून आपण दचकतो, कारण आपल्याला घरकर्जाच्या दराची सवय आहे. पण घरकर्ज घेणारा स्वतः बँकेत जातो आणि घर तारण ठेवतो. इथे मात्र कंपनीचा माणूस वस्तीत जाऊन विनातारण दिलेले पैसे थोडे थोडे करून गोळा करतो, आणि कर्ज लहान आहे म्हणून त्याच्या फेरीचा खर्च कमी होत नाही.

शिवाय हा मार्ग आपल्याकडे नवा नाही. इला भट्ट यांच्या पुढाकाराने अहमदाबादेत १९७४ साली कष्टकरी बायकांची सेवा बँक उभी राहिली, ती बांगलादेशातील मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेला १९८३ साली बँकेचा दर्जा मिळण्याच्या कितीतरी आधी. म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ सालची आहे. संस्थापक सभासद बायका निरक्षर आहेत म्हणून तिला आधी परवाना नाकारला गेला होता, आणि मग त्याच बायकांनी अधिकाऱ्यांसमोर जाऊन व्याजाचा हिशेब तोंडी करण्याची तयारी दाखवली. अशा बायकांवर पैसे लावायला मला भीती वाटत नाही.

प्रतिसाद (निवृत्त बँक अधिकारी, अमरावती)

आपल्या हेतूबद्दल मला शंका नाही, तरीही मी आपल्याशी पूर्णपणे असहमत आहे. आपण सूक्ष्म कर्जाची तुलना सावकाराशी केली, आणि सावकाराशेजारी उभे केले तर कोणतेही कर्ज स्वस्तच दिसते. महाराष्ट्राच्या सावकारी कायद्यानुसार परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वार्षिक १८ टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना मात्र राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले, आणि त्याच वर्षी एप्रिलपासून रिझर्व्ह बँकेने या कर्जांवरील व्याजाची कमाल मर्यादाही काढून घेतली. म्हणजे आपले २४ टक्के कायदेशीर आहेत ते एवढ्याचसाठी, की ते घेणाऱ्याची पाटी वेगळी आहे.

गुंतवणूकदारांचा पैसा आला की काय होते, हे आपण २०१० साली आंध्र प्रदेशात पाहिले. एसकेएस मायक्रोफायनान्सने त्या वर्षी समभागविक्रीतून सोळाशे कोटींहून अधिक रुपये उभे केले, त्यावर गुंतवणूकदारांच्या उड्या पडल्या, आणि ऑक्टोबरमध्ये आत्महत्यांच्या बातम्यांनंतर राज्य सरकारला जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. त्यानंतर त्या राज्यात वसुली जवळजवळ थांबली. सूक्ष्म वित्त कंपन्यांच्या कारभाराचा अभ्यास करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेली मालेगाम समिती त्यानंतरची. आमच्या विदर्भात २०१६ च्या नोटाबंदीनंतर हप्ते थकले, तेव्हा एकेका बाईवर तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जे असल्याचे मी स्वतः पाहिले आहे. एका कंपनीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून भरला जात होता, आणि सगळ्यांच्या वह्यांत वसुली शंभर टक्के दिसत होती.

प्रतिसाद (लेखापरीक्षक, ठाणे)

नैतिक बाजू क्षणभर बाजूला ठेवून मी फक्त सुरक्षिततेविषयी लिहितो. धागालेखिका थेट कर्जदाराला पैसे देणारे ऑनलाइन मंच वापरणार असतील, तर तिथले पैसे ही ठेव नव्हे. बँकेतील ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. इथे ते नाही. (पतसंस्थेतील ठेवींनाही नाही, हे अनेकांना संस्था बुडाल्यावरच कळते.) एका कर्जदाराला एका व्यक्तीने ५०,००० रुपयांपेक्षा जास्त देता येत नाहीत, सर्व मंचांवर मिळून ५० लाखांची मर्यादा आहे, आणि ऑगस्ट २०२४ च्या सुधारित निर्देशांनुसार बुडीत रकमेचा संपूर्ण भार देणाऱ्यावरच असतो. समभाग घेण्याचा विचार असेल, तर २०२४-२५ या वर्षात फ्युजन आणि स्पंदना स्फूर्ती या दोन सूक्ष्म वित्त कंपन्यांना प्रत्येकी हजार कोटींहून अधिक तोटा झाला, हेही लक्षात घ्यावे.

प्रतिसाद (माजी क्षेत्र अधिकारी, सांगली जिल्हा)

मी सहा वर्षे एका कंपनीत केंद्र बैठका, म्हणजे कर्जदार बायकांना एकत्र बसवून हप्ते गोळा करण्याच्या बैठका, घेण्याचे काम केले, म्हणून ही साखळी आतून कशी चालते ते सांगतो. गुंतवणूकदाराला अमुक टक्के परतावा हवा असतो, म्हणून कंपनीला कर्जवाटप दरवर्षी वाढवावे लागते. वरून शाखेला लक्ष्य येते आणि शाखेतून ते माझ्या दुचाकीवर येऊन बसते. महिन्याला इतक्या नव्या बायका, इतके वाटप, आणि वसुलीत एकही थकबाकी नको. सकाळी सातला पहिली बैठक असे. एखादी बाई आली नाही, तर बाकीच्या बायकांनी तिचा हप्ता वर्गणी काढून भरायचा, आणि तो भरेपर्यंत बैठक उठवायची नाही, ही आमच्या शाखेची रीत होती. कुठल्याही नियमात ती लिहिलेली नव्हती. मी कधी आवाज चढवला नाही. पण ताप आलेल्या पोराला मांडीवर घेऊन दोन तास बसलेली बाई मला अजून आठवते, कारण तिला मी उठू दिले नव्हते.

कागदावरील नियम आता चांगले आहेत. घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त रक्कम सगळ्या कर्जांच्या हप्त्यांत जाता कामा नये, आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर त्रास देता येत नाही. पण ते उत्पन्न लिहून घेणारा माणूस आणि ज्याचे लक्ष्य पूर्ण व्हायचे आहे तो माणूस एकच असतो. बाईने आठ हजार सांगितले की अर्जावर चौदा हजार कसे होतात, ते मला विचारा. म्हणून धागालेखिकांना माझे सांगणे असे, की गुंतवणूक करू नका असे मी म्हणणार नाही, पण तुम्ही जेवढा परतावा मागाल तेवढी माझ्यासारख्याची बैठक लांबेल.

धागालेखिका

वरील प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी मूळ लेखात परताव्याचा आकडा लिहिलाच नव्हता, आणि खरे म्हणजे माझ्या मनात बारा टक्के होते. ही चूक मी मान्य करते.

मात्र बँक अधिकाऱ्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. हैदराबादच्या १०४ वस्त्यांपैकी ५२ वस्त्यांत आधी कर्जे देऊन अर्थतज्ज्ञ बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अभ्यास केला, त्यात दारिद्र्य दूर झाल्याचे दिसले नाही, मुलांच्या शिक्षणात वा बायकांच्या घरातील स्थानात फरक पडला नाही. पण लोक देशोधडीला लागल्याचेही दिसले नाही, आणि ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांची गुंतवणूक वाढली. मला एवढेच पुरेसे आहे. चमत्काराची माझी अपेक्षा नाही. चालत्या धंद्याला भांडवल मिळावे, एवढीच आहे.

प्रतिसाद (निवृत्त बँक अधिकारी, अमरावती)

चालत्या धंद्याला भांडवल देणारी व्यवस्था आपल्याकडे आधीच आहे. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, आज ‘उमेद’ (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांचे गट गावोगाव आहेत, आणि ग्रामीण अभियानातील महिला गटांना तीन लाखांपर्यंतचे कर्ज सात टक्क्यांनी मिळण्याची तरतूद आहे. गटाने आपल्या सभासदाकडून महिना एक टक्का घेतला, तरी त्याच ४०,००० रुपयांचा हप्ता सुमारे १,८८३ रुपये होतो आणि व्याज गटातच राहते. तिथे बाहेरच्या गुंतवणूकदाराची गरजच नाही.

प्रतिसाद (शिवणकाम व्यावसायिक, बचत गट सदस्य, सोलापूर)

माझ्याविषयी इतके लिहिले जात आहे म्हणून मीही लिहिते. आमचा गट नऊ वर्षांचा आहे आणि गटाचे कर्ज सर्वांत स्वस्त पडते, हे खरे आहे. पण गेल्या खेपेस ठराव, कागदपत्रे, शाखाधिकाऱ्यांची बदली आणि पुन्हा कागदपत्रे यांत पाच महिने गेले. मला दिवाळीच्या आधी कापड भरायचे होते. कंपनीने आठवड्यात पैसे दिले, मी ते महाग व्याजाने घेतले, फेडले, आणि त्या दिवाळीत दोन शिलाई यंत्रांची कमाई झाली. माझ्या शेजारणीने तेच कर्ज नवऱ्याच्या दवाखान्यासाठी घेतले आणि ती अजून फेडते आहे. कर्ज सारखेच होते. धंद्यासाठी घेतले की धंदा ते फेडतो. आजारपणासाठी घेतले की माणसाला ते अंगावर काढावे लागते. गुंतवणूक करणाऱ्यांनी व्याज थोडे कमी घेतले तर बरेच होईल. पण त्याहून जास्त मला हे हवे आहे, की एखादा हप्ता चुकला तर पुढच्या महिन्यात तो भरण्याची मुभा असावी.

धागालेखिका

ताईंच्या या शेवटच्या वाक्याने माझे बरेचसे ठरले. दोन लाखांपैकी दीड लाख मी महिला सहकारी बँकेत ठेव म्हणून ठेवणार आहे. तिथे विम्याचे संरक्षण आहे आणि तोच पैसा छोट्या कर्जांतही जातो. उरलेले ५०,००० रुपये थेट कर्ज देणाऱ्या मंचावर दहा जणांत पाच-पाच हजार करून देईन, आणि सहा टक्क्यांच्या वर काही मागणार नाही. ते बुडाले तर बुडाले, असे धरूनच देईन. त्याआधी मंचाला पत्र लिहून विचारायचे आहे. सांगलीच्या सदस्यांनी सांगावे, नेमके काय विचारू?

प्रतिसाद (माजी क्षेत्र अधिकारी, सांगली जिल्हा)

तीन गोष्टी विचारा. वसुली करणाऱ्याच्या पगारातील किती भाग वाटपावर आणि किती वसुलीवर अवलंबून आहे. आजारपण किंवा मयत झाल्यास हप्ता किती दिवस थांबवता येतो आणि ते कोण ठरवते. कर्जदाराला आणखी किती ठिकाणची कर्जे आहेत हे पत अहवालातून पाहतात की तिला विचारून लिहितात.

प्रतिसाद (निवृत्त बँक अधिकारी, अमरावती)

माझा विरोध कायम आहे, पण हे तीन प्रश्न योग्य आहेत. उत्तर लेखी आले तर ते या धाग्यावर द्या, आणि महिनाभरात आले नाही तर तेही कळवा.