रोजच्या गाडीला रीमॅप: इंजिन खरंच टिकतं का?

तिसरा गिअर (धागाकर्ता)

‘रीमॅप केलास? मग इंजिनाची वाट लागली समज.’ हे इतक्या जणांनी ऐकवलंय की आता सविस्तर लिहितोच. रीमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. माझी गाडी 2.0 लिटर टर्बो पेट्रोल. स्टेज 1 (बाकी भाग तेच ठेवून फक्त सॉफ्टवेअरचा रीमॅप) करून साडेचार वर्षं झाली, त्यानंतर 78,000 किमी चालली. ऑफिसला रोज हीच गाडी. इंजिन उघडावं लागलेलं नाही, मध्येच तेल टाकावं लागत नाही, टर्बोचा आवाज होता तसाच आहे.

माझं मत असं की नीट केलेला स्टेज 1 रोजच्या वापरात टिकतो. सिग्नल, गर्दी, एका वेगात जाणं, यात बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेली जादा हवा) जवळपास लागतच नाही. वाढीव ताण येतो तो ओव्हरटेक करताना, आठ-दहा सेकंद. त्याची भरपाई म्हणून मी तेल 15,000 ऐवजी 7,500 किमीला बदलतो आणि जास्त ऑक्टेनचंच, म्हणजे सहजी अवेळी न पेटणारं, पेट्रोल भरतो.

आणि कंपन्या स्वतः काय करतात? फोक्सवॅगनचं ईए888 इंजिन बघा. सातव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयमध्ये 220 पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), गोल्फ आरमध्ये 300. लोखंड तेच, फक्त सॉफ्टवेअर वेगळं.

पाना-पक्कड

शेवटचं वाक्य चूक आहे, आणि याच वाक्याच्या भरवशावर लोक रीमॅप करतात म्हणून आधी तेच खोडतो. जीटीआयवर आयएस20 टर्बो आहे, आरवर त्याहून मोठा आयएस38. म्हणजे लोखंडही वेगळं. लहान टर्बोकडून मोठ्याचं काम करून घेतलं की तो जास्त वेगाने फिरतो, हवा जास्त तापवतो आणि तापलेली हवा नॉकला (मिश्रण अवेळी, स्फोटासारखं पेटण्याला) आमंत्रण देते.

दुसरं, कंपनीने इंजिनात जी जागा राखून ठेवलेली असते ती कुणी चुकून विसरलेलं नसतं. भर उन्हाळा, भरलेली गाडी, लांब चढ, कमी प्रतीचं पेट्रोल, तेल बदलायला झालेला उशीर, हे सगळं एकाच दिवशी जुळून आलं तरी इंजिन वाचावं म्हणून ती जागा असते. उंचावर हवा विरळ असते, तिथे तोच बूस्ट गाठायला टर्बोला आणखी पळावं लागतं. तेही त्यातच धरलेलं असतं. डायनोवर (ताकद मोजायच्या रोलरच्या यंत्रावर) गाडी चढते तेव्हा समोर मोठा पंखा असतो आणि टाकीत चांगलं इंधन. गाडी मात्र पुढची दहा वर्षं तशी चालत नाही.

माझ्या हातात आलेली एक गाडी सांगतो. मालकाची तक्रार एवढीच, की थंड असताना थोडी थरथरते. चेक लाईट नाही. प्लग काढले. दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर, पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके. भिंगाखाली धरलं तर त्यातले काही चकचकीत होते. काळे ठिपके काजळीचे असू शकतात, चकचकीत म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. मालकाने प्रवासात दोन वेळा साधं पेट्रोल भरलं होतं, बस. रीमॅप मात्र जास्त ऑक्टेनसाठीच केलेला होता.

आकडेमोड

दोघांनाही अर्धवट सहमती. धागाकर्ते म्हणतात ताण आठ-दहा सेकंदांचा. पण रोजच्या चालवण्यात आपण नेमके कुठे असतो? वरच्या गिअरमध्ये, 1,600 ते 2,200 आरपीएमला, आणि गिअर न उतरवता पाय दाबतो. धोका तिथेच आहे.

हिशोब करा. किलोवॅट काढायचे तर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) गुणिले आरपीएम भागिले 9549. 400 न्यूटन-मीटर 1,800 आरपीएमला मिळाले तर पॉवर भरते फक्त 75 किलोवॅट. तेच 5,000 ला मिळाले तर 209. कागदावर पहिला आकडा किरकोळ दिसतो, पण सिलिंडरमधला सरासरी दाब दोन्हीकडे जवळपास सारखाच. उलट कमी आरपीएमला तो दाब जास्त वेळ टिकतो आणि बेअरिंगमधला तेलाचा थरही पातळ असतो.

शिवाय डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोलला याच पट्ट्यात एलएसपीआय होतं. म्हणजे ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेतं, आणि एका जोरदार ठोक्यातही पिस्टनची कड तुटू शकते. यावर उपाय म्हणून तेलाचे दर्जेच बदलावे लागले: 2018 मध्ये एपीआय एसएन प्लस, 2020 मध्ये एसपी. तेलातल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे हा प्रकार वाढतो, म्हणून नव्या तेलांत त्याची काही जागा मॅग्नेशियमने घेतली.

म्हणून ट्यूनरला (रीमॅप करणाऱ्याला) ‘किती पीएस वाढतील’ हे विचारूच नका. टॉर्कचा आलेख मागा. 2,500 च्या खाली रेषा मूळ रेषेला धरून असेल आणि वाढ त्यापुढे असेल, तर अशा गाडीवर मी रोज बसेन. 1,800 लाच भिंतीसारखी उभी चढली असेल तर बसणार नाही.

शून्य ते शंभर

इथे मात्र पटलं नाही. रोजच्या गाडीत मजा खालच्या टॉर्कचीच असते! 5,000 ला मिळणारी ताकद गर्दीत काय कामाची? माझी डिझेल रीमॅप करून 1,10,000 किमी झाले, इंजिन ठणठणीत. क्लच गेला, हे मान्य. चढावर पाचव्या गिअरमध्ये पाय दाबला तर आरपीएमचा काटा सरसर वर, वेगाचा काटा जागच्या जागी, आणि आत जळका वास. जास्त दमाची क्लचप्लेट टाकली, तेव्हापासून तक्रार नाही. ती किंमत मला मंजूर आहे.

पाना-पक्कड

तुम्हाला मंजूर आहे, ठीक. पण मग त्याला ‘टिकतं’ म्हणू नका, ‘इंजिन टिकलं, क्लच गेला’ म्हणा. ऑटोमॅटिकवाल्यांनी तर जास्तच जपावं. फोक्सवॅगनचा डीक्यू200 हा ड्राय क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स 250 न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. स्टेज 1 मध्ये ती मर्यादा सहज ओलांडली जाते आणि तिथे नुसती क्लचप्लेट बदलून भागत नाही.

आणखी एक, जे मला सगळ्यात जास्त टोचतं. अशी गाडी विकायच्या आधी पुष्कळजण मूळ सॉफ्टवेअरची फाईल परत टाकतात आणि गप्प बसतात. पुढचा माणूस साधं पेट्रोल भरतो, 15,000 ला तेल बदलतो आणि तुमच्या हौसेचं बिल तो भरतो. विकताना तरी सांगा हो.

तिसरा गिअर (धागाकर्ता)

टर्बोची चूक मान्य, ते वाक्य मागे घेतो. विकताना सांगेन, हा शब्द.

आकडेमोड, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री लॉग (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी) काढला. चौथा गिअर, 1,700 पासून पूर्ण ॲक्सिलरेटर. 2,050 ला तिसऱ्या सिलिंडरचं टायमिंग (ठिणगीची वेळ) नॉक टाळायला साडेचार अंश मागे ओढलं गेलं, बाकी तिघांचं शून्य. 3,000 च्या पुढे चारही स्वच्छ. साडेचार वर्षांत मी लॉग काढायचो ते नेहमी 3,000 च्या पुढचेच, कारण बघायची होती ती पॉवर.

तरीही रीमॅप काढणार नाही. वरच्या पट्ट्यात गाडी निर्धोक आहे, हे लॉगच सांगतोय. ट्यूनरला 2,500 च्या खालचा टॉर्क उतरवायला सांगितलंय, आणि तोवर ओव्हरटेकच्या आधी एक गिअर खाली घेतोय. तिसऱ्याचा प्लग रविवारी काढून बघतो. ठिपके दिसले तर फोटो टाकेन, पाना-पक्कड, तुम्ही बघून सांगा.