नाव पणजीचं आणि वय २६, तुमचं नाव तुमच्या वयाला शोभतं का?

निळीशाई

नमस्कार मंडळी, आजवर नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. माझं नाव मालती, वय २६. पणजीचं नाव आहे, आजोबांच्या फार मनात होतं म्हणून ठेवलं. शाळेत काही वाटलं नाही, सगळे मालूच म्हणायचे. पण नोकरीला लागल्यापासून जाणवायला लागलंय की माझ्याआधी माझं नाव पोचतं आणि ते माझ्यापेक्षा चाळीस-पन्नास वर्षांनी मोठं असतं.

आता हेच बघा. नव्या ऑफिसात सुरुवातीला सगळं काम घरून, कॅमेरा बंद, नुसत्या मेलामेली. टीममधला एक मुलगा मला प्रत्येक गोष्टीचे स्क्रीनशॉट पाठवायचा, त्यावर लाल बाण काढलेले, 'मालतीताई, इथे क्लिक करा, मग उजवीकडे वर तीन टिंबं दिसतील त्यावर जा', आणि खाली परत 'घाई नाही, सवडीने करा, नाही जमलं तर मी फोन करतो'. मला वाटलं सगळ्यांनाच असं समजावत असेल. नंतर व्हिडिओवर भेटलो तेव्हा तो एकदम ओशाळला, म्हणाला मला वाटलं तुम्ही रिटायरमेंटला आला असाल. चांगला आहे तो, त्याच्यावर राग नाही अजिबात. पण मग मनात आलं की समोरचा असा नसेल तिथे नुसतं नाव वाचून माझा अर्ज बाजूला पडत असेल का?

मैत्रिणी म्हणतायत मिली कर, नाहीतर नुसतं 'एम' लिही. मला नाव आवडतं खरं तर, पण रोज रोज समजावून सांगायचाही कंटाळा येतो. तुमच्यापैकी कुणाचं आहे का असं? तुम्ही काय केलंत? आणि उलटं असेल, म्हणजे वय मोठं आणि नाव कोवळं, तर तेही वाचायला आवडेल.

आकडेमोड

मालती, माझ्या आवडीचा विषय काढलास म्हणून जरा लांब लिहितो.

नावाला स्वतःचं वय नसतं, आपण ते ज्या पिढीच्या लोकांत पाहिलेलं असतं त्या पिढीचं वय त्याला चिकटतं. मधुकर, प्रभाकर, मालती, कुसुम म्हटलं की पांढरे केस दिसतात, संजय, सुनील, संगीता, सुनीता म्हटलं की पन्नाशी-साठीतली माणसं, अमोल, राहुल, स्वाती चाळिशीच्या आसपास आणि विवान, कियारा ऐकलं की पोर शाळेत असणार हे न सांगता कळतं. पण मधुकरही कधीतरी पाळण्यात होताच ना, आणि तेव्हा त्याच्या आजीला ते नाव अगदी नव्या फॅशनचं वाटलं असेल कारण तिच्या आजूबाजूला सगळे धोंडू, सखाराम, गोदू आणि भागीरथी.

हे आकड्यात बघायचं तर अमेरिकेची यादी बघ, तिथलं सोशल सिक्युरिटी खातं १८८० पासूनची बाळांची नावं जाहीर करतं. मुलींमध्ये १८८० पासून १९४६ पर्यंत सलग मेरी पहिली, १९४७ ला लिंडाने तिला मागे टाकलं, १९६२ ते १९६९ लिसा, मग १९७० ते १९८४ ओळीने पंधरा वर्षं जेनिफर. त्यामुळे तिथे लिंडा हे नाव दिसलं की लोक सत्तरीची बाई धरून चालतात. मुलांमध्ये एवढी उलथापालथ नाही, मायकल १९६१ ते १९९८ हललाच नाही, आता मायकल म्हटल्यावर तो तिशीतला की साठीतला काय सांगणार? म्हणजे नावावरून वय ओळखलं जायचा त्रास तिथे बायकांनाच जास्त.

आता तुझ्या कामाचं. एमा हे नाव १८८० मध्ये तिथे तिसऱ्या नंबरवर होतं, घसरत घसरत १९७० च्या दशकात चारशेच्याही खाली गेलं, पार आजीबाईचं नाव झालं, आणि २०१४ ते २०१८ पाच वर्षं पहिलं. असं का होतं तर आईबापांच्या पिढीचं नाव कुणी बाळाला ठेवत नाही, त्या नावाची काकू, बाई, शेजारीण अजून डोळ्यासमोर वावरत असते. पणजीच्या पिढीला बघितलेलंच कुणी फारसं उरत नाही, मग ते नाव पुन्हा मोकळं होतं. आपल्याकडे माधव, केशव, रमा, मीरा आले की नाही परत? आणि मालती तर प्रियांका चोप्राने २०२२ ला जन्मलेल्या मुलीला ठेवलं, मालती मेरी, दोन्ही आज्यांची नावं. तुझ्या आजोबांनी फक्त वीसेक वर्षं घाई केली. बदलू नकोस.

सायंतारा

मालती, मी तुझ्या बरोब्बर उलट. वय ६३, नाव अदिती.

माझ्या वर्गात सगळ्या मंगल, शोभा, सुरेखा, उषा. माझं नाव हजेरीत हमखास चुकीचं लिहिलं जायचं, बाई विचारायच्या हे कसलं गं नाव. वडिलांना संस्कृतची आवड होती, त्यांनी उचललं ते थेट ऋग्वेदातून. आणि आता गंमत बघ, दवाखान्यात अदिती म्हणून पुकारा झाला की काउंटरवरची मुलगी माझ्या शेजारी बसलेल्या लेकीकडे बघते, पेन तिच्यापुढे करते, आणि मग मी उठले की पुन्हा एकदा फाइलवरचं जन्मसाल तपासते. लेकीला सवय झालीये, ती मानेनेच माझ्याकडे दाखवते.

पण एक गोष्ट मनाला लागलेली आहे ती सांगते कारण तू अर्जाचं विचारलंस. पन्नाशीनंतर मी पुन्हा नोकरी शोधत होते. फोनवर समोरून फार उत्साह असायचा, कधी येताय, लगेच या. प्रत्यक्ष गेले की पहिल्या मिनिटातच सूर बदललेला कळायचा, वय कुणी काढायचं नाही पण प्रश्नच बदलायचे, 'तुम्हाला झेपेल ना', 'आमची टीम तशी यंग आहे'. माझ्या नावाने मला दारापर्यंत नेलं एवढंच. तुला नाव बघून बाहेर ठेवतील, मला चेहरा बघून ठेवलं. म्हणून मला वाटतं नाव बदलून तुझा फार तर दोन मिनिटांचा गैरसमज वाचेल. मन लावून काम करणाऱ्या साठीच्या बाईला लोक बाजूला का सारतात हा प्रश्न आहे तिथेच राहतो, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

आकडेमोड

अदितीताई, फार नेमकं लिहिलंत. तुमच्या नावासारख्या प्रकाराला बाहेर टिफनी प्रॉब्लेम म्हणतात. टिफनी ऐकलं की कुणालाही ऐंशीच्या दशकातली मुलगी वाटते, पण ते थिओफानिया या नावाचं रूप आहे आणि बाराव्या शतकातही वापरात होतं. ऐतिहासिक गोष्टीत एखाद्या बाईचं नाव टिफनी ठेवलं तर ते खरं असूनही वाचणाऱ्याला खोटं वाटतं. गार्गी आणि मैत्रेयीचं तसंच, बृहदारण्यक उपनिषदातल्या या बायका आणि आज केजीच्या हजेरीत दिसतात.

खडूफळा

मी प्राथमिकला शिकवते. माझ्या वर्गात अथर्वच इतके आहेत की आडनावाचं पहिलं अक्षर लावल्याशिवाय हाक मारता येत नाही, आणि त्यांच्यात एक दत्तात्रय आहे. पहिल्या दिवशी हजेरी घेताना त्याच्या नावाशी मीच थबकले, एखाद्या पालकाचं नाव चुकून यादीत आलं की काय म्हणून वर बघितलं तर पुढचे दोन दात पडलेला एवढासा मुलगा हात वर करून उभा.

मला वाटलं पोरं चिडवतील. कुणीही चिडवलं नाही. आठवड्याभरात तो सगळ्यांचा दत्तू झाला, आणि मग माझ्या लक्षात आलं की या मुलांना ते नाव जुनं आहे हे माहीतच नाही, कारण त्यांच्या ओळखीत दत्तात्रय नावाचा दुसरा कुणीच नाही. त्यांच्या दृष्टीने दत्तात्रय म्हणजे सात वर्षांचा, उत्तम चित्रं काढणारा. उलट एकाच्या आजोबांचं नाव दत्तात्रय निघालं तेव्हा त्याला हसू आलं की एवढ्या मोठ्या माणसाचं असं लहान मुलाचं नाव कसं. हे नावाचं वय वगैरे सगळं आपल्या मोठ्यांच्या डोक्यात असतं बरं का.

दुसरीबाजू

सगळे न बदलण्याच्या बाजूने लिहितायत म्हणून मुद्दाम दुसरं लिहितो. आमच्याकडे दोन महिन्यांत बाळ येणार आहे आणि मुलगा झाला तर पांडुरंगच ठेवायचं असं घरातल्या मोठ्यांनी ठरवून टाकलंय, आजोबा गेले त्यांचं नाव. मला आजोबा फार प्रिय होते. पण आठवण आपली आणि ती अंगावर वागवायची त्या मुलाने, जन्मभर, हे मला पटत नाही. लहानपणी दत्तू गोड वाटतो, पंधराव्या वर्षी त्याला काय वाटेल? मालतीने वर लिहिलंय की रोज समजावून सांगायचा कंटाळा येतो, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. ज्याचं नाव त्याला त्रास होत असेल तर बाकीच्यांनी नावाचा इतिहास सांगून काय उपयोग. मालती, खरंच विचारतो, तुला घरी बसवून विचारलं असतं तर हेच नाव घेतलं असतंस का?

निळीशाई

किती छान लिहिलंय सगळ्यांनी, दोनदा वाचलं.

दुसरीबाजू, पंधराव्या वर्षी विचारलं असतंत तर नाही म्हणाले असते, एका क्षणात. तेव्हा मला माझ्या मैत्रिणींसारखंच काहीतरी हवं होतं, श्रेया, सायली असलं. आता विचारलंत तर हो म्हणेन, पण त्याचं कारण पणजी नाही, तिला मी पाहिलेलं पण नाही. कारण आजोबा. ते मला हाक मारताना पूर्ण नाव घ्यायचे, कधी मालू म्हणाले नाहीत, आणि ते नाव घेताना त्यांचा आवाज जरा हळू व्हायचा. त्यांच्या आईचं नाव त्यांनी स्वतः कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं ना, ते माझ्यामुळे त्यांना दिवसातून दहा वेळा घेता आलं. तुमच्या बाळाचं मी काय सांगणार, पण पांडुरंग ठेवलंत तर सोबत एक घरातलं छोटं नाव नक्की ठेवा, पंधराव्या वर्षी त्याला कुठेतरी जायला जागा पाहिजे.

अदितीताई, तुमचं वाचून स्वतःच्या तक्रारीकडे वेगळं बघायला लागलेय. तुम्ही आता काम करता का कुठे?

कुतूहल

यात अजून एक भर घालतो. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक काम प्रसिद्ध केलं, अनोळखी माणसाचा फोटो दाखवायचा आणि चार-पाच नावांतून त्याचं खरं नाव ओळखायला सांगायचं. लोक नुसत्या अंदाजाने जेवढं बरोबर येईल त्यापेक्षा जास्त वेळा बरोबर ओळखतात. २०२४ मध्ये त्याच्या पुढचं आलं, मोठ्यांचे चेहरे आणि नावं जुळवता येतात पण लहान मुलांची नाही येत. मुलांचे फोटो कॉम्प्युटरवर मोठ्या वयाचे करून बघितले तरी जुळेनात. म्हणजे जन्मतः चेहऱ्यात काही नसतं, त्या नावाच्या माणसाकडून लोकांची जी अपेक्षा असते तिच्याप्रमाणे माणूस हळूहळू घडत जातो, केस कसे ठेवायचे, हसायचं कसं, असं त्यांचं म्हणणं.

मला यात मालतीचा फायदा दिसतो. तिला बघितल्यावर तिच्या टीममधल्या प्रत्येकाची मालती या नावाबद्दलची अपेक्षा थोडी बदलली असणारच. नाव माणसाला घडवतं तसं माणूसही नावाला घडवतो, फक्त त्याला वेळ लागतो आणि सुरुवात करणाऱ्याला त्रास जास्त.

सायंतारा

मालती, हो, गेली काही वर्षं घरून भाषांतराचं काम करते. सगळं मेलवर, वय कुणी विचारत नाही. परवा एकीने लिहिलं 'थँक्स यार अदिती'. मला छान वाटलं, तसंच राहू दिलं.

जाईजुई

उशिरा येतेय धाग्यावर. कागदावरच्या नावाचं झालं, पण घरातल्या नावांचं कुणी बोललंच नाही. ती तर वाढतच नाहीत. लोकमान्यांचं मूळ नाव केशव, पण घरातलं बाळ हेच कायम राहिलं आणि इतिहासात बाळ गंगाधर टिळक म्हणूनच गेले. आमच्या मावशीला सगळे बेबी म्हणतात. वय ७४. मागच्या वर्षी तिला ॲडमिट केलं तेव्हा भाचा भेटायला गेला, खाली काउंटरवर विचारलं बेबी कुठल्या रूममध्ये आहे, तर त्याला नवजात बाळांच्या वॉर्डकडे पाठवलं. तिथून त्याने घरी फोन केला की मावशीचं खरं नाव काय आहे, आणि फोन घेतलेल्या तिघांपैकी एकालाही सांगता येईना. शेवटी तिच्या थोरल्या बहिणीने सांगितलं, शालिनी.

मावशीला घरी आल्यावर हे कळलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली शालिनी म्हणून मला आई गेल्यापासून कुणी हाक मारली नाही. तेव्हापासून मी तिला शालूमावशी म्हणते. दुसरीबाजू, ते घरातलं छोटं नाव ठेवा, पण मोठं नावही अधूनमधून घेत राहा.