आगोटीत भरलेली कॉफीची पूड आणि अण्णांचे चार पेले

माडाखाली (वेंगुर्ले)

नमस्कार. आमचे घर वेंगुर्ल्याजवळ, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर आहे. शेजारीपाजारी सगळीकडे चहाच चालतो. आमच्या घरात कॉफी आली ती वडिलांमुळे. अण्णांनी नोकरीची सव्वीस वर्षे मंगळुरात काढली आणि परत येताना एक पितळी फिल्टर व दिवसातून चार वेळा कॉफी घेण्याची सवय बरोबर आणली. पहिला पेला पहाटे साडेपाचला, दुसरा न्याहारीबरोबर, तिसरा दुपारी चारला आणि चौथा रात्री जेवणानंतर, असा त्यांचा नेम आहे. चौथ्या पेल्यात ते जायफळ किसून घालतात आणि त्यामुळे झोप चांगली लागते असे सांगतात. प्रत्यक्षात रात्री दोन वाजता ते पडवीत येरझाऱ्या घालताना दिसतात.

त्यांचे वय ७१ आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. पहाटेची कॉफी झाली की लगेच पडवीतल्या बाकावर बसून ते घरच्या यंत्रावर रक्तदाब मोजतात, आणि तो आकडा अलीकडे वाढलेला दिसतो. डॉक्टरांनी "कॉफी कमी करा" असे सांगितले, पण किती कमी करायची हे विचारायचे राहून गेले. शेजारच्या काकांच्या मते ती पूर्ण बंद करावी. आईला थायरॉइडची गोळी आहे आणि ती अण्णांना सोबत म्हणून पहाटेचा पेला घेते, हेही सांगून ठेवतो.

दुसरा प्रश्न कॉफीच्या चवीचा आहे. मे महिन्याच्या अखेरीस आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना तांदूळ, मिरची, कोकम, सुकी मासळी यांच्याबरोबर मी सत्तर टक्के कॉफी आणि तीस टक्के चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) असलेली एक किलो पूडही भरली. जुलै उजाडेपर्यंत तिचे गोळे झाले. रात्री भरलेला फिल्टर सकाळी उघडावा, तर निम्मे पाणी वरच्याच भांड्यात तसेच असते, आणि जो काढा खाली उतरतो त्याला सुक्या बांगड्याचा अगदी पुसट, पण एकदा जाणवला की विसरता न येणारा वास असतो. यावर उपाय काय करावा?

औषधवाला (रत्नागिरी)

मी डॉक्टर नाही. औषधांच्या दुकानात गेली अठरा वर्षे उभा आहे, तेव्हा त्या मर्यादेतच लिहितो. गोळ्यांच्या मात्रेविषयीचा निर्णय आपल्या डॉक्टरांनाच विचारावा.

सर्वांत आधी रक्तदाब मोजण्याची वेळ बदला. कॉफी घेतल्यानंतर काही काळ रक्तदाब थोडा चढतो. सवय नसलेल्या माणसात ही चढ अधिक असते, रोज पिणाऱ्यात कमी असते, पण ती असू शकते. म्हणून मोजण्यापूर्वी किमान अर्धा तास चहा, कॉफी किंवा तंबाखू घेऊ नये आणि पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे, असे सांगितले जाते. अण्णा नेमके उलट करत आहेत. आठवडाभर उठल्यावर, पहिल्या पेल्याच्या आधी मोजून वहीत लिहून ठेवा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. अण्णांच्या रक्तदाबाविषयी घरात जे काही ठरले आहे, ते कदाचित कॉफी पोटात असतानाच्या आकड्यांवरून ठरले आहे.

आता प्रमाण. निरोगी प्रौढ माणसाने दिवसभरात सगळ्या पेयांमधून मिळून ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेतल्यास चिंतेचे कारण नाही, असे युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये म्हटले. गर्भवतींसाठी ही मर्यादा २०० मिलिग्रॅम आहे. अण्णांच्या एका पेल्यात साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम कॅफीन असावे असे धरले, तर चार पेल्यांत ते त्या मर्यादेच्या अगदी उंबरठ्यावर येतात. त्यातही ती मर्यादा निरोगी माणसासाठी आहे, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या ७१ वर्षांच्या गृहस्थांसाठी नव्हे. तरीही पूर्ण बंदीची गरज मला दिसत नाही. आधी रात्रीचा पेला जावा, एवढेच म्हणेन.

याचे कारण असे की, दिवसभर जागे राहिल्याने मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि ते आपल्या जागी जाऊन बसले की झोप येऊ लागते. कॅफीन त्याच जागा अडवून बसते. दुसऱ्याच्या आरक्षित आसनावर कोणी आधीच बसलेला असावा, तसा हा प्रकार आहे. मूळ प्रवासी गाडीतच असतो, फक्त उभा असतो. शरीरातले निम्मे कॅफीन बाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या पेल्यातले निम्मे कॅफीन दोन वाजताही अण्णांच्या अंगात शिल्लक असते आणि ते पडवीत का असतात याचा खुलासा त्यातच होतो. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेसुद्धा झोप तासाभराहून अधिक कमी झाली होती. चिमूटभर जायफळ हा यावरचा उतारा नाही, आणि झोपेसाठी जायफळ वाढवत नेणे तर धोक्याचे आहे, कारण जास्त प्रमाणात ते विषारी ठरते.

मात्र एकदम तोडू नका. रोजची कॉफी अचानक बंद केली की बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, आणि मग घरातले लोक त्याचेही खापर रक्तदाबावर फोडतात. आठ-दहा दिवसांत हळूहळू काढा कमी आणि दूध जास्त, असे करत न्या.

आईंच्या बाबतीत मात्र मी आग्रहाने सांगेन. थायरॉइडची गोळी कॉफीबरोबर घेतल्यास ती पुरेशी शोषली जात नाही. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा ते एक तास काहीही घेऊ नये. माझ्याकडे वर्षानुवर्षे मात्रा वाढवत आलेले काही ग्राहक असे निघाले, ज्यांची अडचण मात्रेची नव्हती, गोळीवर लगेच घेतलेल्या गरम पेल्याची होती. तसेच न्याहारीबरोबरच्या कॉफीने अन्नातल्या, विशेषतः शाकाहारी अन्नातल्या, लोहाचे शोषण घटते. रक्त कमी असलेल्यांनी जेवणाखाण्यात आणि कॉफीत तासाभराचे अंतर ठेवावे.

साखर किती घालता, हे आपण लिहिलेले नाही. प्रत्येक पेल्यात दोन चमचे असतील तर दिवसाचे आठ चमचे होतात. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात दिवसाला तीन-चार कप कॉफी पिणाऱ्यांचे आरोग्य न पिणाऱ्यांपेक्षा बरे आढळले, ही बातमी सर्वांनी वाचलेली असते. पण ती बहुतांशी निरीक्षणे आहेत, त्यांवरून कॉफीमुळेच तब्येत सुधारली असे सिद्ध होत नाही, आणि तिथला कप म्हणजे आपला साखरेचा दुधाळ पेला नव्हे.

सड्यावरची (गुहागर)

आरोग्याचे वरच्या प्रतिसादात आले आहे, म्हणून मी फक्त पुडीविषयी आणि फिल्टरविषयी लिहिते. आमच्याकडे पाहुण्यांसाठी चार खोल्या आहेत आणि पावसाळ्यात येणारी मंडळी सकाळी कॉफीच मागतात, त्यामुळे ही फजिती मी स्वतः भोगलेली आहे.

कॉफी ही आगोटीत भरण्याची वस्तूच नाही. तांदूळ, कोकम, मिरची या टिकाऊ वस्तू आहेत. भाजून दळलेली कॉफी ही जवळजवळ भाजीसारखी नाशवंत समजावी. भाजताना दाण्याच्या आत असंख्य पोकळ्या तयार होतात. दळल्यावर त्या सगळ्या उघड्या पडतात, सुवास उडून जातो आणि रिकाम्या जागेत हवेतला ओलावा व आजूबाजूचा वास शिरतो. चिकोरी तर ओलावा आणखी ओढते आणि तिचे गोळे आधी होतात. आपल्या फिल्टरची भोके पुडीच्या त्या चिखलानेच बुजलेली आहेत. बांगड्याच्या वासाचे म्हणाल, तर पूड आणि सुकी मासळी एकाच फडताळात असणार, हे न पाहता सांगता येईल.

गंमत अशी की, अण्णा जिथे नोकरीला होते त्याच मंगळुरात कॉफीला मुद्दाम पावसाळी वारे खाऊ घालतात. मॉन्सून्ड मलबार नावाची कॉफी तशीच तयार होते: जून ते सप्टेंबर या काळात कच्चे दाणे उघड्या बाजूंच्या गोदामांत पसरतात, ते फुगतात, पिवळट होतात आणि त्यांची आंबट चव जाते. पूर्वी शिडाच्या जहाजांतून महिनोन्महिने प्रवास करताना दाण्यांचे हे आपोआप होत असे आणि युरोपातल्या गिऱ्हाइकांना त्याच चवीची सवय लागली होती. पण तो कच्चा दाणा असतो. त्याला मानवते ते भाजलेल्या पुडीला मानवत नाही.

तेव्हा दोनशे ग्रॅमहून अधिक पूड एका वेळी आणू नका. शक्य असेल तर भाजलेले दाणे आणून लागतील तसे दळा. हाताने फिरवायची लहान चक्की पुरते. डबा घट्ट झाकणाचा आणि भरत येईल एवढाच लहान घ्या. फ्रीजमध्ये ठेवू नका, कारण गार डबा आपल्या दमट स्वयंपाकघरात उघडला की आतल्या पुडीवर क्षणात दव धरते. चमचा कोरडा हवा. चहाच्या भांड्यावर धरलेला ओलसर चमचा डब्यात जाणे हे निम्म्या नासाडीचे कारण असते. चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापलेले असतेच, कारण ते छापणे बंधनकारक आहे आणि अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. पावसात मी ऐंशी-वीस आणते.

पितळी फिल्टर आतून तपासा. कल्हई उडाली असेल तर कॉफी आंबटसर असल्यामुळे कळकते, आणि ती चव कोणत्याही पुडीने झाकत नाही. कल्हईवाला फिरकत नसेल तर स्टीलचा घ्या आणि अण्णांचा पितळी फिल्टर मांडणीवर मानाने ठेवा. भोके उजेडाकडे धरून पाहा. बुजलेली असतील तर बारीक सुईने एकेक मोकळी करा.

दोन पेल्यांसाठी मी वरच्या भांड्यात वीस ग्रॅम, म्हणजे साधारण तीन मोठे चमचे पूड घेते, भांडे हलकेच आपटून ती सारखी करते आणि वर दांड्याची चकती अलगद ठेवते. चकतीने पूड दाबायची नाही, ती नुसती टेकवायची असते. पाणी उकळले की आच बंद करून पाऊण मिनिट थांबते, आधी दोन चमचे पाणी सर्वत्र फिरवून घालते आणि अर्धा मिनिट वाट पाहते. पूड ताजी असेल तर ती या वेळी फुगते आणि बारीक बुडबुडे येतात. काहीच हालचाल झाली नाही, तर ती शिळी आहे असे समजावे. मग उरलेले शंभर मिलिलिटर पाणी घालून झाकण लावायचे. पंधरा-वीस मिनिटांत काढा खाली उतरला पाहिजे. पाच मिनिटांत उतरला तर पूड जाड किंवा कमी आहे, तासाभरात उतरला नाही तर ती फार बारीक किंवा ओली आहे. काढा पुन्हा उकळू नका, कडवट होतो. उकळावे ते दूध.

पाणी कोणते वापरता? जांभ्याच्या विहिरीचे गोडे पाणी कॉफीला चालते, पण मे महिन्यात खारेपणा आलेले मचूळ पाणी उकळून सुधारत नाही, उलट क्षार दाटतात. त्या दिवसांत पिण्याचेच पाणी कॉफीला घ्या.

दर्यावर्दी (देवगड)

एवढा खटाटोप कशासाठी, असे नम्रपणे विचारतो. आमच्याकडे पातेल्यात पाणी, दूध, साखर आणि पूड एकत्र खदखदवून फडक्याने गाळतात आणि ओठ भाजेल इतकी गरम पितात. दशावताराच्या रात्री पहाटेपर्यंत जागवण्याचे सामर्थ्य त्या कॉफीत असते, आणि वाडवडील तीच पिऊन नव्वदीपर्यंत जगले.

औषधवाला (रत्नागिरी)

वाडवडिलांविषयी आदर राखून दोन गोष्टी सांगतो. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचे द्रव्य असते आणि ते रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. पूड उकळून केलेल्या कॉफीत ते सर्वाधिक उतरते, कागदी गाळणीत ते बहुतेक अडकते आणि धातूच्या भोकांतून बऱ्यापैकी निसटते. आपले फडके नेमके किती अडवते हे विणीवर असेल. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नॉर्वेतील पाच लाखांहून अधिक लोकांच्या सुमारे वीस वर्षांच्या पाहणीत कागदाने गाळलेली कॉफी पिणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी आढळले. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी निदान रोजची कॉफी कागदाने गाळावी.

दुसरे, ओठ भाजण्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कॉफीवर १९९१ मध्ये ठेवलेला संशय २०१६ मध्ये मागे घेतला, पण त्याच वेळी ६५ अंश सेल्सियसपेक्षा गरम असलेले कोणतेही पेय अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण ठरवले. दोष उष्णतेचा आहे. पेला चार मिनिटे तसाच ठेवला तर दशावतार काही संपत नाही.

माडाखाली (वेंगुर्ले)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

फिल्टर उजेडाकडे धरला तेव्हा निम्म्याहून अधिक भोके बंद होती आणि तळाशी कल्हईचा मागमूस नव्हता. स्टीलचा फिल्टर आणला. अण्णांनी पहिले दोन दिवस त्यातली कॉफी "इस्पितळातली" आहे असे म्हटले, तिसऱ्या दिवशी काही म्हटले नाही आणि चौथ्या दिवशी पूड घालताना मला बाजूला सारून स्वतः उभे राहिले. दोन चमचे पाणी घालून पूड फुगताना पाहणे त्यांना इतके आवडले आहे की, त्या अर्ध्या मिनिटात कोणी त्यांच्याशी बोललेले त्यांना चालत नाही.

रक्तदाब आता उठल्यावर, कॉफीच्या आधी मोजतो. आकडे पूर्वीपेक्षा कमी दिसतात. वही डॉक्टरांना दाखवली. त्यांनी गोळी आहे तशीच ठेवली आणि दिवसाला दोन, फार तर तीन पेल्यांना परवानगी दिली. चौथ्या पेल्याच्या जागी आई नुसते दूध गरम करून त्यात जायफळ किसते. अण्णा ते पितात, पण त्याला कॉफीच म्हणतात आणि आम्ही कोणी दुरुस्ती करत नाही. पडवीतल्या येरझाऱ्या थांबल्या नाहीत, रोजच्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा होतात. आईची गोळी पाच वाजता आणि कॉफी सहाला, असे ठरले आहे. त्यामुळे अण्णांचा साडेपाचचा पेलाही अर्धा तास पुढे गेला, कारण एकट्याने प्यायला ते तयार नाहीत.

राहिली ती आगोटीची पूड. पाऊण किलो शिल्लक होती. आईने ती टाकू दिली नाही. दोन वाट्यांत भरून फडताळात सुक्या बांगड्यांच्या डब्यांशेजारी ठेवली आहे, आणि फडताळ उघडल्यावर येणारा वास आता बराच कमी झाला आहे.