दहावीचे कलेचे वाढीव गुण बंद करा, खऱ्या कलाकार पोरांकडे बघा

तिरकिट
दहावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीत पेढे येतात आणि माझं डोकं फिरतं. 2025 ला राज्यात 211 मुलांना 100 टक्के मिळाले. बेस्ट ऑफ फाइव्ह, म्हणजे सहापैकी चांगले पाच विषय धरायचे, वर कलेचे आणि खेळाचे वाढीव गुण. चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेत अ श्रेणी असेल तर 7, ब ला 5, क ला 3. शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा दिल्या असतील तर त्याचे वेगळे.

मी गेली वीसेक वर्षं तबला शिकवतो. आठवी सुरू झाली की पालक येतात आणि पहिलाच प्रश्न, "सर, दहावीच्या आत किती परीक्षा होतील?" मार्चमध्ये पेपर संपतात आणि जूनमध्ये तबल्यावर कपडे वाळत असतात.

या गर्दीत ज्याच्या हातात खरंच काही आहे तो पोरगा चेंगरतो. माझ्याकडचा एक अकरा वर्षांचा मुलगा परीक्षेत कायद्याचे, म्हणजे तबल्यातल्या एका ठरलेल्या बोलरचनेचे, शिकवलेले पलटे (त्याच बोलांचे फेरफार) संपल्यावर आणखी दोन वाजवून गेला. स्वतः बांधलेले, शेवटी तीनदा वाजवायच्या तिहाईसकट, तालाची सम चोख. परीक्षक म्हणाले, "अभ्यासक्रमात आहे तेवढंच वाजव बाळ." बाहेर आल्यावर मला विचारतो, चुकलं का सर?

माझं म्हणणं, गुण बंद करा. तो सगळा खर्च मोजक्या, उपजत अंग असलेल्या मुलांवर करा.

खडूवाला
कुठला खर्च, सर? वाढीव गुण द्यायला सरकारला छदामही लागत नाही. म्हणून तर देतात. ते बंद केल्यावर तुमच्या हाती उरणार काय?

मी तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिकवतो. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीला शंभराच्या वर पट असेल तर कलेचा अर्धवेळ निदेशक हवा. आमच्या पंचक्रोशीत किती आहेत ते सांगत नाही, जेवण जाणार नाही तुम्हाला. चित्रकलेचा तास अजून वेळापत्रकात आहे तो त्या 7 गुणांमुळे. ते गेले की त्या तासाला गणिताचा जादा वर्ग बसलाच म्हणून समजा. मग उपजत अंगवाला पोरगा तुम्ही शोधणार कुठे?

कोमल_निषाद
दोघांचंही पटत नाही. खडूवाले सर, त्या गुणांसाठी चित्रकलेच्या क्लासमध्ये काय शिकवतात ते माझ्या भाचीनं दाखवलं. स्मरणचित्रासाठी तीन माणसं घोटून घ्यायची: एक पाठमोरी बाई, एक सायकलवाला, एक छत्रीवाला. विषय बाजाराचा येवो की जत्रेचा, हेच तिघं. याला स्मरणचित्र म्हणायचं?

पण तिरकिट, "मोजक्यांवर खर्च करा" हेही फार भाबडं आहे. कुमार गंधर्व दहा-अकरा वर्षांचे असताना मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गायचे आणि लोक वेडे व्हायचे. तेव्हा कुणी जलसे, बक्षिसं आणि बिदागीवरच ठेवलं असतं तर पुढचे कुमार झाले असते का? ते मुंबईत गाणं शिकवणाऱ्या देवधर मास्तरांकडे आले, आणि तिथे एकाच घराण्याचं दावं गळ्यात नव्हतं. मास्तरांना स्वतःला सगळीकडचं ऐकायची आणि जमवायची हौस. अशा पोराला आधी टाळ्यांपासून लांब नेणारा माणूस लागतो. पैसा नंतर.

(अवांतर: आता कुणीतरी भीमसेनजी अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घरातून पळाले ते सांगेल. पळाले आणि कुठेच पोचले नाहीत अशांची यादी कुणाकडे नसते.)

चिपळूणची_आई
माझी मुलगी कथक करते म्हणून बोलते. मोजक्यांसाठी योजना आहे की. दिल्लीच्या सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची शिष्यवृत्ती, 10 ते 14 वयाच्या मुलांना. वर्षाला 3600 रुपये, आणि गुरूची फी 9000 पर्यंत परत. निवड झाली तेव्हा आम्हाला आनंदच झाला. पण चांगल्या ताई रत्नागिरीत. दर शनिवारी एसटीनं जायचं, म्हणजे जाऊन-येऊन दिवस गेला आणि माझी रजाही. 3600 त्या तिकिटांतच जिरतात.

शनिवारी सकाळची शाळा बुडते म्हणून हजेरीवरून बोलणी खाल्ली. शेवटी मुख्याध्यापकांना काय सांगून गप्प केलं माहितीये? "दहावीला वाढीव गुण मिळतील सर." त्या क्षणी हजेरी मिळाली. तेव्हा तिरकिट, ते गुण सध्या तरी राहू द्या. माझ्याकडे दुसरं हत्यार नाही.

तिरकिट
ताई, तुमच्यापुढे काय बोलणार. खर्चाच्या मुद्द्यावर खडूवाल्यांनी पकडलं, कबूल. तरी गुण हवेतच हे मी मान्य करणार नाही. शाळेनं हजेरी द्यावी म्हणून साठ पोरांनी तबला बडवायचा? गुणांऐवजी सवलत द्या ना: अशा मुलाला आठवड्यातला एक दिवस मोकळा, आणि तालुक्याला एक तरी पूर्णवेळ कलाशिक्षक.

खडूवाला
द्या म्हणणं सोपं. बरं, कोमलताई, ते तिघं मीही घोटून घेतो. खोटं कशाला बोलू? पन्नास पोरं, आठवड्याला दोन तास, त्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. पास व्हायला पाहिजेत.

पण एक सांगतो. सातवीत एक पोरगा आहे, घरी शेळ्या. माठ काढायला दिला की माठ कलतो, रंग ओघळतात. मागच्या महिन्यात वहीच्या शेवटच्या पानावर त्यानं उठणारी शेळी काढली. मागचे पाय ताठ, पुढचे गुडघे अजून जमिनीवर, आणि मान त्या झटक्यानं खाली. शेळी तशीच उठते, पण मला पस्तीस वर्षांत कधी काढावीशी वाटली नाही. हा प्रश्न एलिमेंटरीत, म्हणजे इंटरमिजिएटच्या आधीच्या परीक्षेत, येत नाही. तरी यंदा बसवतोय त्याला, फॉर्म मीच भरला. परीक्षेला बसला नाही तर घरचे चित्रकलेची वही घेऊन देणार नाहीत.

कोमल_निषाद
त्यालाही तो सायकलवाला शिकवणार?

खडूवाला
शिकवला. त्यानं सायकलच्या कॅरिअरवर करडू बसवलं.

तिरकिट
ते शेळीचं पान टाका ना इथे.

खडूवाला
त्याला विचारतो आधी. वही त्याची आहे.