आरएफआयडी लेबल 'एन्कोड' करणं: पाटीवर कोणता शब्द लिहावा?

जिनवाला:
राजेहो, एक शब्द पायजे. आमच्या जिनिंगमधे रुईच्या गाठींले आरएफआयडी लेबल (आत बारीक चिप असते, रीडर मशीन ती दुरूनच वाचते) लावतो, आधी बाहेरून तयार यायचे, आता प्रिंटर घेतला अन् इथंच करतो. पोरांसाठी मराठीत पाटी लावायची आहे. 'प्रिंट' म्हणजे छापणे, ते जमलं, पण 'एन्कोड'ले, म्हणजे चिपमधे नंबर टाकण्याले, काय लिहू? 'संकेतन' लिहिलं तं पोरं हासून राहिले.

काटेवाला:
संकेतन राहू द्या पुस्तकात. आमच्या दालमिलवर 'चिप भरणं' म्हणतात, सगळ्यायले समजते.

वऱ्हाडी मास्तर:
'गोंदणे' कसा वाटते? नंबर कायमचा बसतो ना.

काटेवाला:
नाही जी, तिथंच तं घोटाळा आहे. आपण टाकतो तो ईपीसी, म्हणजे मालाचा ओळख नंबर, बहुतेक टॅगमधे 96 बिटचा, रीडरवर 24 आकडे-अक्षरं दिसतात, अन् लॉक नाही केला तं तो पुन्हा बदलता येते. गोंदलेलं पुसते का कधी? टीआयडी, म्हणजे चिपचा स्वतःचा नंबर, मात्र चिप बनतानाच आत येते, आपल्याले हात लावता येत नाही. गोंदणं म्हणायचंच तं त्याले म्हणा.

जिनवाला:
बरोबर. मंग 'भरणे' अन् 'छापणे' वेगवेगळे लिहितो, कारण प्रिंटर दोन्ही एकाच दमात करते म्हणून पोरं सगळ्यालेच 'छापलं' म्हणतात, मंग होते काय, छपाई झकास, बारकोडही वाचते अन् चिप कोरी! नवा रोल टाकला अन् कॅलिब्रेशन, म्हणजे लेबल अन् चिप कुठं आहे ते प्रिंटरले जुळवून देणं, नाही केलं तं नंबर शेजारच्याच लेबलात जाऊ शकते. अन् प्रिंटर खराब लेबलावर 'व्हॉइड' मारते, त्याले?

वऱ्हाडी मास्तर:
'बाद'. रद्द म्हटलं तं एसटीचं तिकीट वाटते.

काटेवाला:
आणखी एक, 'भरलं नाही' अन् 'लागत नाही' हे एक नाही. चिप भरलेली असते पण लेबल गाठीच्या लोखंडी पट्टीवर चिकटवलं की रीडरले लागतच नाही, धातूजवळ साधा टॅग दबून जाते. फास्टॅगलेही लोक टोलवर 'लागला नाही' हेच म्हणतात ना. पोरगा 'भरलं नाही' म्हणाला की तुम्ही उगाच दुसरं लेबल काढता.

जिनवाला:
हे पाटीवर घेतोच. आता 'लॉक' राहिलं, कुलूप लिहू का?

काटेवाला:
लॉकच राहू द्या बाप्पा, कुलूप लिहिलं तं पोरं गोडाऊनची चाबी मागायले येतील.