व्हीएआयसीच्या सूत्रातली गोम

व्हीएआयसी म्हणजे कंपनीचं बौद्धिक भांडवल (माणसांचं ज्ञान, कौशल्यं वगैरे) तिच्या हिशेबांवरून मोजू पाहणारा आकडा. 'बहुतेक अभ्यासांत व्हीएआयसी आणि नफ्याचं नातं धन (एक वाढलं की दुसरंही वाढतं असं) निघतं, म्हणजे बौद्धिक भांडवल वाढवलं की कामगिरी सुधारते' हा नेहमी काढला जाणारा निष्कर्ष मला पटत नाही. बौद्धिक भांडवल महत्त्वाचं आहेच, गडबड मोजपट्टीत आहे. आंते पुलिक यांच्या या सूत्रात मूल्यवर्धन म्हणजे ढोबळमानाने कामकाजाचा नफा, पगारखर्च आणि घसारा यांची बेरीज. तिला पगारखर्चाने भागलं की मानवी भांडवलाची कार्यक्षमता, म्हणजे व्हीएआयसीचा एक घटक, मिळते. समजा मूल्यवर्धन १००, पगार ५०, तर गुणोत्तर २. आता कंपनीने माणसं कमी करून पगार ४० वर आणला आणि वाचलेले १० नफ्यात गेले. मूल्यवर्धन तेच १००, गुणोत्तर मात्र २.५! जाणती माणसं घरी बसली आणि कागदावर मानवी भांडवल 'सुधारलं'. नफा मूल्यवर्धनातही आहे आणि तुलनाही नफ्याशीच, म्हणजे तो समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असल्यावर सहसंबंध धन येणारच, त्यात नवल ते काय? स्टाले आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्येच दाखवलं होतं की हा आकडा बौद्धिक भांडवल मोजतच नाही. तरी शोधनिबंध येतच राहतात, कारण सगळी माहिती वार्षिक अहवालात आयती मिळते.

आणखी एक. आयएएस ३८ या अमूर्त मालमत्तेविषयीच्या आंतरराष्ट्रीय लेखा मानकानुसार प्रशिक्षणावरचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही, तो त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतो. म्हणजे खरोखर माणसं घडवणारी कंपनी त्या वर्षी उलट कमजोर दिसते. त्यामुळे ज्या अभ्यासात त्याच वर्षीचे आकडे एकमेकांसमोर ठेवलेत, तो मी तरी बाजूला ठेवतो.