‘ऑइल-फिल्टर सोडून गाडीवर दमडी घालू नका’ म्हणणाऱ्यांसाठी

चौथा_गिअर:
परवा एकांनी इथे लिहिलं, की वेळच्या वेळी ऑइल-फिल्टर बदला, बाकी काही करू नका, टायर गोटा होईपर्यंत चालवा, फ्लुइड-बिइड सगळे गॅरेजवाल्यांचे धंदे. खाली पंधरा-वीस जणांनी मम म्हटलेलं. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझी गाडी 11 वर्षांची, 1,64,000 किमी झालेत. सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च विचाराल तर ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा जोर चाकांपर्यंत नेणारं तेल, आणि तेही मी धडा मिळाल्यावर बदलायला लागलो. घाटाची लांब उतरण, गाडी भरलेली, मी चौथ्यात ठेवून नुसती ब्रेकवर उतरवत होतो आणि एका वळणाआधी पेडल दाबलं तर भुसभुशीत लागलं आणि थेट तळाला गेलं. दोन-तीनदा पंप केलं, दुसरा टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला, कडेच्या मुरमात गाडी थांबली. मागे आई होती. ती ओरडली नाही, माझ्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून बसली होती, गाडी थांबल्यावरही पाच मिनिटं तिने ती सोडली नाही. फ्लुइड सहा वर्षं बदललेलं नव्हतं. ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट-4 प्रकारचं फ्लुइड नवं असताना 230 डिग्रीच्या आत उकळत नाही, पाणी मुरलं की तोच आकडा 155 च्या आसपास येतो, उकळलं की लायनीत वाफ होते आणि पायाचा जोर वाफ दाबण्यातच जातो, पॅडपर्यंत पोचतच नाही. बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी बदला म्हणतात. काम तासाभराचं.

दुसरं टायर. खाचेत जी आडवी छोटी पट्टी असते ती 1.6 मिमीची खूण, रबर तिच्या बरोबरीला आलं म्हणजे टायर संपला, आणि पावसात तर त्याच्या बऱ्याच आधी पकड सुटते. तिसरं, ज्यांना आहे त्यांना टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारा इंजिनातला पट्टा. तो तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतो, मग इंजिनचं हेड उतरवा. दात कोरून पोट भरत नाही.

नट_बोल्ट:
ते लिहिणारा मीच. अर्धंच वाचलंत तुम्ही. माझा राग अपग्रेडवर आणि गॅरेजच्या यादीवर होता. मागच्या सर्व्हिसिंगला मला न विचारता इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन आणि टायरमध्ये नायट्रोजन असं सगळं बिलात लावलं. गाडी 18,000 किमी चाललेली, त्यात इंजेक्टर कसले साफ करताय? आणि साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो, उरलेल्यासाठी मी पैसे का मोजू? भांडलो तर म्हणे सिस्टिममध्ये एंट्री झाली. तेव्हापासून गॅरेजवाला काही सुचवायला लागला की माझं डोकंच फिरतं. फ्लुइड मॅन्युअलमध्ये आहे, ठीक आहे, ते सोडतो. पण अलॉय, रुंद टायर, लाइट, हे सगळं हौसेपायी.

रात्रपाळी:
लाइट हौसेपायी? माझी ड्युटी रात्री दोनला सुटते आणि पुढे चाळीस किमी अंधाराचा रस्ता. हॅलोजनवर मला समोरचं काही दिसायचं नाही. एकदा काळा शर्ट घातलेला माणूस सायकल हातात धरून चालत होता, दिसला तेव्हा अंतर इतकं कमी होतं की मी कशी वळवली मला आजही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी एलईडी बल्ब टाकले. गाडीवरचा माझा सगळ्यात चांगला खर्च तोच.

साईडस्टँड:
आणि समोरून येणाऱ्याचं काय? मी दुचाकीवर असतो. तुमचे ते पांढरे दिवे आले की दोन-तीन सेकंद मी आंधळा. मागच्या वर्षी तसाच एक आला, मला कडेचा खड्डा दिसला नाही, कॉलरबोन मोडलं, दीड महिना घरी. तुम्हाला दिसावं म्हणून आम्ही मरायचं का दादा?

रात्रपाळी:
दादा नाही, ताई. आणि तुमचा खड्डा माझ्या अंगावर टाकू नका. मी डिपरवरच, म्हणजे लाइट खाली पाडूनच चालवते.

साईडस्टँड:
डिपरवर असूनही डोळ्यात येतात, तेच तर सांगतोय! ऐकून तरी घ्या.

रिले_वाला:
दोघंही जरा थांबा, वीस वर्षं वायरिंगचं काम करतोय. एच4 या हॅलोजन बल्बमध्ये अप्पर-डिपरची दोन फिलामेंट असतात, डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते, ती खालचा प्रकाश अडवते म्हणून भिंतीवर वरची कड सुरीने कापल्यासारखी दिसते. रिफ्लेक्टर त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची चिप जाडीला जास्त, जागा थोडी हलली की ती कड फुटते आणि उजेड वर उडतो. म्हणजे डिपर असूनही अप्पर. पुढे भिंग असलेल्या प्रोजेक्टरवाल्या लॅम्पची गोष्ट वेगळी, पण तुमचा रिफ्लेक्टर असणार.

आणि ताई, तुम्हाला दिसत नव्हतं हे शंभर टक्के खरं, पण बल्बचा दोष नसेल. जुन्या गाडीत लाइटचा करंट स्विचमधून बारीक वायरीने फिरून येतो. बल्बपाशी व्होल्टेज 10 टक्के पडलं तर उजेड साधारण 30 टक्के कमी होतो. मीटर लावून बघा. रिलेचं हार्नेस, म्हणजे लाइटसाठी वेगळी जाड वायरिंग, टाकलं की बॅटरीतून थेट करंट येतो, तोच 55 वॅटचा बल्ब वेगळा वाटतो. काच पिवळी पडली असेल तर तीही पॉलिश करा, वरून यूव्ही कोट नक्की मारा, नाहीतर काही महिन्यांत परत पिवळी.

चौथा_गिअर:
धागा लाइटवरच गेला सगळा. ऑटोमॅटिकवाल्यांनो, ‘लाइफटाइम’, म्हणजे कधीच बदलायला नको म्हणतात त्या गिअर ऑइलबद्दल कोणी बोलणार आहे का? गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः 80,000 ते 1,20,000 किमीच्या दरम्यान बदला म्हणते.

साईडस्टँड:
आधी लाइटचं मिटू द्या.

रात्रपाळी:
काल रात्री भिंतीसमोर गाडी लावली. आधी एलईडी डिपरवर, मग एका बाजूला जुना हॅलोजन घालून. हॅलोजनची कड सरळ दिसली. एलईडीच्या बाजूला कडच नव्हती, भिंत वरच्या सज्जापर्यंत उजळलेली. मग भावाला गाडीत बसवलं आणि स्वतः समोर स्कूटरवर बसून बघितलं. बघवलं नाही.
बल्ब काढलेत. काच पिवळीच होती, हार्नेसचं काम शनिवारी आहे. पण साईडस्टँड, तुमची बोलायची पद्धत मला अजूनही पटलेली नाही. खांदा आता कसा आहे?

साईडस्टँड:
थंडीत दुखतो. आवाज चढला माझा, मान्य. भिंतीवर बघितलंत, एवढं कोणी करत नाही.

नट_बोल्ट:
हार्नेस अपग्रेडमध्ये धरायचं की दुरुस्तीत, यावर मी अजून भांडू शकतो, पण राहू दे. सकाळी बॉनेट उघडून ब्रेक फ्लुइडची डबी पुसली. पाच वर्षांची गाडी, सर्व्हिस बुकात फ्लुइड बदलल्याची एकही नोंद नाही. न मागितलेला नायट्रोजन मात्र तीनदा. चौथा_गिअर, ते बदलताना चारही चाकांना ब्लीड करून, म्हणजे जुनं फ्लुइड आणि हवा काढून घ्यायची ना?

चौथा_गिअर:
चारही. आणि नवी बाटली तुमच्या समोर फोडायला सांगा.